हिंडायचं की लढायचं? अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर गेम पहिल्यांदाच खेळणाऱ्यांसाठी

अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर गेम नवीन सुरू केला की तासाभरात एक प्रश्न हमखास पडतो, समोर शत्रू उभा आहे त्याच्यावर चालून जायचं का बाजूला ती पडकी भिंत दिसतेय तिच्यामागे काय आहे ते आधी बघायचं. बरेच जण यातलं एकच काहीतरी धरतात. कोणी दिसेल त्याला मारत सुटतो आणि तिसऱ्या बॉसपाशी (टप्प्याच्या शेवटी उभा असलेला मोठा, अवघड शत्रू) जाऊन आपटतो, कोणी मॅपचा कोपरा न् कोपरा पालथा घालत बसतो आणि गोष्ट पुढे सरकायच्या आतच कंटाळून गेम सोडून देतो. माझं म्हणणं साधं आहे. चांगल्या गेममध्ये हिंडण्यातून लढायची ताकद मिळते आणि लढून हिंडायची वाट मोकळी होते, त्यामुळे आत्ता या क्षणी यातलं कुठलं काम करायचं हे ओळखता आलं की अर्धा गेम जमला. ते ओळखायचं कसं तेच खाली टप्प्याटप्प्याने सांगतो.

ही ओढाताण या प्रकाराच्या अगदी मुळाशी आहे. १९८० साली अटारी २६०० वर वॉरेन रॉबिनेटने केलेला 'अ‍ॅडव्हेंचर' आला, या प्रकारातल्या सगळ्यात पहिल्या गेम्सपैकी तो एक. त्यात एका वेळी हातात एकच वस्तू धरता यायची. तलवार घेतली तर किल्ली खाली ठेवायची, किल्ली घेऊन वाड्याकडे निघालं आणि वाटेत ड्रॅगन आला तर पळायचं. बस, एवढ्या एका नियमात सगळं आलं. आजच्या गेममध्ये शंभर वस्तू सोबत नेता येतात पण निवड तीच असते, फक्त ती वेळेच्या, हेल्थच्या (म्हणजे किती जीव उरलाय त्याच्या), शस्त्रांच्या रूपात समोर येते.

पहिली पायरी: गेम कुठल्या जातीचा आहे ते बघा

सुरुवातीलाच हे कळलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. ढोबळमानाने तीन प्रकार धरा.

एक म्हणजे सरळ रेषेतले, 'अनचार्टेड'सारखे (पहिला २००७ चा). इथे वाट एकच असते, आजूबाजूला थोडी जागा, दोनचार लपवलेले खजिने, आणि मग ठरलेल्या ठिकाणी गोळीबार. अशा गेममध्ये वाट शोधत तासभर फिरायची गरज नसते आणि कुठली मारामारी टाळून पुढे जाताही फारसं येत नाही. गोष्ट वाहून नेते, तिच्याबरोबर जायचं.

दुसरे कुलूप-किल्लीवाले. १९८६ चा 'मेट्रॉइड' आणि १९९७ चा 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट' या दोघांच्या नावावरून या जातीला मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात. एकात एक गुंतलेल्या खोल्या, उंच कट्टे, फुटत नाहीत अशा भिंती, आणि नंतर कधीतरी डबल जंप (हवेतच दुसरी उडी) किंवा भिंतीला धरून चढायची कला मिळाली की मागे सोडलेली दारं उघडतात. २०१७ चा 'हॉलो नाइट' याच घरातला. इथे हिंडणं हाच कणा आहे.

तिसरे ओपन वर्ल्ड, 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७), 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२०), 'एल्डन रिंग' (२०२२) वगैरे. जिकडे जायचं तिकडे जा. म्हणूनच नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे गोंधळतो.

दोन्ही टोकंही माहीत असलेली बरी. २००५ च्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये सोळा महाकाय प्राणी आहेत आणि ते सोडून अख्ख्या मुलखात लढायला दुसरं कोणी नाही, तलवार उन्हात धरली की प्रकाशाचा झोत एकत्र येऊन पुढचा प्राणी कुठे आहे ते दाखवतो, मधला सगळा वेळ तुम्ही, घोडा आणि शांतता. आणि 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) मध्ये तर लढाईच नाही, फक्त शोध. म्हणजे एका गेममध्ये लागलेली सवय दुसऱ्यात तशीच चालेल असं धरून चालू नका.

दुसरी पायरी: सेटिंग्ज आधी, गेम नंतर

बहुतेक जण हे मेनू न बघता पुढे जातात आणि मग गेम अवघड आहे म्हणतात. कितीतरी गेममध्ये लढाई आणि शोध यांची अवघडपणाची पातळी वेगवेगळी ठेवता येते. 'शॅडो ऑफ द टूम रेडर' (२०१८) मध्ये लढाई, शोध आणि कोडी अशा तिन्हींसाठी वेगळी डिफिकल्टी आहे, म्हणजे ज्याला कोडी आवडतात पण बंदूक चालवायला जमत नाही त्याने लढाई सोपी आणि कोडी अवघड अशी जोडी लावावी, मस्त खेळता येतं. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' (२०१८) आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन' (२०२४) या दोघांत सुरुवातीलाच विचारतात की पुढचं ठिकाण गेमने दाखवायचं का तुम्ही स्वतः शोधणार. पहिल्याच खेपेला वाट दाखवणारा मोड घेतला तर त्यात कमीपणा काही नाही, पण मला विचाराल तर लढाई सोपी करा आणि शोध आहे तसा ठेवा. लढाई सोपी केली तर मजा थोडी कमी होते एवढंच, शोध सोपा केला तर कधीकधी गेममध्ये बघायला काही उरतच नाही, बाणामागे चालत जाणं तेवढं राहतं.

डिफिकल्टी मध्येच बदलता येते का तेही बघून ठेवा. २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये ती केव्हाही बदलता येते, फक्त सगळ्यात वरची पातळी एकदा घेतली की अडकलात. 'एल्डन रिंग'मध्ये डिफिकल्टीचा पर्यायच नाही, तिथे सोपं-अवघड ठरतं ते तुम्ही कुठे गेलात आणि काय गोळा केलंत यावर.

बाकी सबटायटल चालू, कॅमेऱ्याचा वेग थोडा कमी, अक्षरं मोठी. झालं.

तिसरी पायरी: पहिल्या तासात लांब जाऊ नका

सुरुवातीचा भाग हा बहुतेक वेळा अख्ख्या गेमचा छोटा नमुना असतो आणि तो घाईत संपवला की पुढे सगळीकडे अडखळायला होतं. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चं सुरुवातीचं पठार हे याचं मला दिसलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण. चहूबाजूंनी कडे, पॅराग्लायडर मिळेपर्यंत खाली उतरता येत नाही, आणि त्या तेवढ्याशा जागेत थंडीचा डोंगर आहे, शत्रूंचे तळ आहेत, झोपलेला दगडी राक्षस आहे, स्वयंपाक आहे, चार श्राइन (कोडी असलेली छोटी देवळं) आहेत. त्या चारांत चार शक्ती मिळतात आणि त्यांच्यावर पुढचा सगळा गेम चालतो. इथे दोन तास घालवलेले वाया जात नाहीत.

या वेळात हाताला चार गोष्टींची सवय करा. कॅमेरा फिरवत चालणं, शत्रूवर लॉक-ऑन (कॅमेरा त्या एकावरच खिळवणं) करणं आणि काढणं, डॉज (वार चुकवायला पटकन बाजूला होणं), आणि हेल्थ भरायचं बटण. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण घाबरल्यावर नेमकं तेच सापडत नाही.

मग एकटा फिरणारा एखादा साधा शत्रू गाठा आणि त्याला मारू नका. फक्त त्याच्या समोर उभे राहून बघा. तो हत्यार उचलतो, मग एक क्षण थांबतो, मग वार करतो, मग परत सावरायला त्याला थोडा वेळ लागतो. नवीन खेळणारा हत्यार उचललेलं दिसताच डॉज मारतो, आणि डॉज संपतो तेव्हा वार येऊन बसतो. डॉज मारायचा तो हात खाली यायला लागला की. 'एल्डन रिंग'मधला मार्गिट नावाचा बॉस तर नेमकं याच सवयीवर बोट ठेवतो, काठी वर उचलून धरतो आणि धरूनच ठेवतो, तुम्ही घाईत लोळण घेतली की मग सावकाश खाली आणतो. तर साध्या शत्रूसमोर पाच मिनिटं नुसतं चुकवत राहा, वार एकही करू नका. शत्रू सावरत असतो तो जो छोटासा वेळ, तोच तुमचा, आणि तेवढ्यात एक किंवा दोनच वार बसतात हे तुमच्या हाताला आपोआप कळायला लागेल, तिसऱ्याच्या मोहात पडलं की मार बसतो.

चौथी पायरी: हिंडायचं कसं

हिंडणं म्हणजे मॅपवरच्या खुणा एकेक करून पुसणं नव्हे. उंच जागा गाठा, थांबा, आणि तिथून डोळ्यात भरतील अशा दोनतीन गोष्टी ठरवा, धूर, विचित्र आकाराचा दगड, एकटंच झाड, पाण्यातलं बेट, काहीही. त्यातल्या एकीकडे चालायला लागा आणि वाटेत दुसरं काही दिसलं तर बेलाशक वळा. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' बनवणाऱ्यांनी नंतर सांगितलंय की डोंगर-टेकड्या त्यांनी मुद्दाम त्रिकोणी आकारात मांडल्या, म्हणजे मागचं काहीतरी अर्धवट झाकलेलं राहतं आणि चढायचं का वळसा घालायचा हा प्रश्न खेळणाऱ्याला सतत पडत राहतो. तुम्ही वाट सोडून वळावं हीच त्यांची इच्छा आहे, म्हणून वळताना अपराधी वाटून घेऊ नका.

प्रत्येक गेम खुणावतो, फक्त त्याची भाषा शिकावी लागते. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये स्क्रीनवर बाण नाही, वारा वाहतो आणि गवत ज्या दिशेला झुकेल तिकडे जायचं, पिवळा पक्षी दिसला तर त्याच्यामागे, कोल्हा दिसला तर त्याच्यामागे. आणि हे नुसतं शोभेचं नाही बरं का, गरम पाण्याच्या कुंडात बसलं की हेल्थ वाढते, बांबू कापायचा सराव केला की रिझॉल्व्ह (जखमा भरायला आणि खास वारांना लागणारी ताकद) वाढतो, कोल्ह्यामागे जाऊन देवळी सापडली की पुढेमागे ताईत लावायची जागा वाढते, म्हणजे तासभर निवांत हिंडून आलेला माणूस पुढच्या लढाईत खरोखर जास्त टिकतो.

'हॉलो नाइट'चं तर काय सांगू. नव्या भागात तुम्ही मॅपशिवाय उतरता, सगळं अंधारं, वाटा कुठून कुठे जातात काही कळत नाही, आणि मग जमिनीवर कागदाचे कपटे पडलेले दिसतात. थोडं पुढे गेलं की कोणीतरी गुणगुणतंय. आवाज मोठा होईल तिकडे जायचं, तिथे कॉर्निफर नकाशा काढत बसलेला असतो आणि त्या भागाचा अर्धामुर्धा मॅप विकतो. उरलेला तुम्ही भरायचा, त्यासाठी गावातल्या त्याच्या बायकोच्या दुकानातून लेखणी विकत घ्यावी लागते, आणि तरीही नवीन खोल्या मॅपवर उमटतात त्या बाकावर जाऊन बसल्यावरच. मॅपवर आपण कुठे आहोत हे दिसायला होकायंत्राचा चार्म (अंगावर लावायची ताईतासारखी वस्तू) वेगळा. नवीन असाल तर पहिले पैसे या दोन वस्तूंवर घाला, बाकी सगळं नंतर.

सरळ रेषेतल्या गेममध्ये एकच नियम पाळा, गोष्टीची वाट कुठली ते कळलं की आधी दुसरीकडे जाऊन या. गोष्टीच्या वाटेवर खूपदा एक उडी असते किंवा दार मागून बंद होतं, मग परत येता येत नाही.

अजून एक, मॅप नीट वाचा. 'रेसिडेंट ईव्हिल २'च्या २०१९ च्या आवृत्तीत खोलीत काही उचलायचं राहिलं असेल तर ती मॅपवर लाल दिसते, सगळं झालं की निळी. 'एल्डन रिंग'मध्ये मॅप न मिळालेल्या कोऱ्या भागातही रस्त्यावर एका शिळेचं बारीकसं चिन्ह असतं, मॅपचा तुकडा तिथेच मिळतो, त्यामुळे नवीन मुलखात पाऊल टाकलं की सगळ्यात आधी घोड्यावर बसून ती शिळा गाठायची, वाटेत कोणाशीही लढत बसायचं नाही.

पाचवी पायरी: बंद दारांची नोंद ठेवा

कुलूप-किल्लीच्या गेममध्ये तुम्ही दिवसातून दहा वेळा अशा जागी येता जिथून आत्ता पुढे जाता येत नाही. नवीन खेळणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये आणि तो त्याच कट्ट्यावर चाळीस उड्या मारतो. दोनतीन प्रामाणिक प्रयत्न, नाही जमलं की खूण करून पुढे. 'द लॉस्ट क्राउन'मध्ये यासाठी फारच छान सोय आहे, जागेचा फोटो काढून तो थेट मॅपवर डकवता येतो, महिन्याने बघितलं तरी कळतं इथे काय अडलं होतं. 'जेडाय: फॉलन ऑर्डर'मध्ये मॅपच सांगतो, लाल वाट म्हणजे अजून बंद आणि हिरवी म्हणजे आता जाता येईल. ज्या गेममध्ये असलं काही नाही तिथे मोबाईलवर फोटो काढा.

आणि नवी शक्ती मिळाली, उदाहरणार्थ 'हॉलो नाइट'मधला भिंतीला धरून चढायचा पंजा, की लगेच पुढे पळू नका. मॅप उघडा आणि मागे कुठे कुठे उंच भिंतीपाशी अडलो होतो ते आठवा. अशा वेळी तुमच्यासमोर एकदम पाचसहा वाटा असतात आणि त्यातल्या दोनतीन तरी ताकद वाढवणाऱ्या निघतात.

सहावी पायरी: लढायच्या आधी हिशोब

प्रत्येक गेममध्ये लढाईची काही किंमत असते आणि काही परतावा. हा हिशोब गेमागणिक बदलतो आणि तो कळला नाही तर मेहनत पाण्यात जाते.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये शस्त्रं तुटतात आणि शत्रू मारून अनुभवाचे गुण मिळत नाहीत, लेव्हल नावाची गोष्टच नाही. तुमचे हार्ट (हेल्थ) आणि स्टॅमिना (दम) मुख्यतः श्राइनमधून वाढतात, मूळ गेममध्ये १२० श्राइन आहेत, चार झाली की एक हार्ट किंवा स्टॅमिनाचा तुकडा. म्हणजे रस्त्यात भेटेल त्याला मारत सुटलात तर चांगल्या तलवारी मोडून बसाल आणि हाती फारसं काही नाही, वर ब्लड मून (अधूनमधून उगवणारा लाल चंद्र) उगवला की मारलेले सगळे परत उभे. इथे लढायचं ते मोठी पेटी असेल तर, किंवा तळात चांगलं शस्त्र पडलेलं लांबून दिसलं तर. 'एल्डन रिंग'चं उलटं, प्रत्येक शत्रू रून (या गेममधलं चलन) देतो आणि त्यातूनच लेव्हल वाढते, पण मेलात तर सगळे रून तिथेच पडतात आणि उचलायला जाताना वाटेत परत मेलात तर गेले. म्हणून खिशात बरेच रून साठले असतील तर अनोळखी गुहेत शिरू नका, आधी ग्रेसपाशी (विश्रांतीची सोनेरी प्रकाशाची जागा) जाऊन खर्च करा. 'हॉलो नाइट'मध्ये लेव्हल नाही, मास्कचे चार तुकडे शोधले की एक जास्तीचा मास्क (हेल्थचा एक घटक), म्हणजे इथेही ताकद येते ती बहुतेक पायाने.

तळावर हल्ला करायचा ठरवलाच तर बाहेरून बघा. किती जण आहेत, वर धनुष्यवाले कुठे उभे आहेत, इशारा वाजवणारा कोण, आणि महत्त्वाचं म्हणजे अंगावर आलं तर मी पळणार कुठून. लांबून मारणारे आधी संपवा. एका वेळी एकच ओढून घ्या. घोळक्यात शिरल्यावर कॅमेरा सगळ्यात आधी दगा देतो, म्हणून पाठीशी भिंत नको आणि सगळे एकाच बाजूला राहतील असं सरकत राहा. पळणं हा गेममधला पूर्ण वैध डाव आहे, ओपन वर्ल्डमध्ये तर बऱ्याच वेळा तोच सगळ्यात शहाणा.

आणि विश्रांतीचं लक्षात ठेवा. 'एल्डन रिंग', 'फॉलन ऑर्डर' अशा गेममध्ये विश्रांती घेतली की हेल्थ भरते पण आजूबाजूचे शत्रूही परत येतात. मागे जाऊन विश्रांती घ्यायची का उरलेल्या अर्ध्या हेल्थवर अजून एक खोली बघायची, हा निर्णय दर वेळी वेगळा असतो. मी शक्यतो एक खोली पुढे बघतो, खूपदा तिथून शॉर्टकट उघडतो.

सातवी पायरी: बॉसपाशी अडकलात, आता?

या लेखातला मुख्य भाग खरं तर हाच. बॉस हरत नाहीये याची कारणं दोनच, हात तयार नाही किंवा सामान तयार नाही. हात तयार नसेल तर तिथेच थांबून सराव करायचा, सामान तयार नसेल तर पाठ फिरवून हिंडायला जायचं, आणि नवीन खेळणारा बरोबर उलटं करतो, थोडा हात बसत आलेला असताना निघून जातो किंवा सामान नसताना तीन तास भिंतीवर डोकं आपटतो.

ओळखायची युक्ती अशी. एक फेरी अशी खेळा की बॉसला मारायचंच नाही, फक्त जिवंत राहायचं. दोनतीन मिनिटं टिकलात तर हात ठीक आहे. मग पुढच्या फेरीत मारायला लागा आणि त्याच्या हेल्थच्या पट्टीकडे बघा. तुम्ही व्यवस्थित वार करताय, चुकवताय, आणि तरीही पट्टी मुंगीच्या पावलाने हलतेय, तर शस्त्र कमजोर आहे. दोन फटक्यांत तुम्ही खलास होताय तर हेल्थ किंवा चिलखत कमी पडतंय. या दोन्ही वेळा उत्तर मॅपवर आहे, बॉसच्या खोलीत नाही. उलट तुम्ही दर वेळी त्याला पाव पट्टीपर्यंत आणताय आणि घाईत मरताय, तर कुठेही जाऊ नका, तुम्ही जिंकत आलाय. पाणी प्या आणि परत शिरा.

'एल्डन रिंग' हा धडा अगदी दारातच देतो. पहिल्यांदा उघड्या माळावर आलात की समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार, ट्री सेंटिनेल. सुरुवातीच्या लेव्हलला तो दोनतीन फटक्यांत लोळवतो. इतक्या आधी त्याला तिथे उभा केलाय तो याचसाठी, की वळसा घालून जाता येतं हे कळावं. पुढे मार्गिटपाशी तेच. ग्रेसमधून निघणारा सोनेरी किरण सरळ त्याच्या किल्ल्याकडे बोट दाखवतो आणि नवीन माणूस किरणामागे जाऊन तिथेच अडकतो. तिथून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला नावाचा अख्खा मुलूख आहे, किरण तुम्हाला तिकडे आपणहून नेत नाही. तिथे हिंडून या. चर्चमध्ये सेक्रेड टिअर मिळतात त्यांनी बाटलीतलं औषध जास्त गुणकारी होतं, चमकणाऱ्या छोट्या झाडापाशी गोल्डन सीड मिळतात त्यांनी औषधाचे घोट वाढतात, खाणींमध्ये स्मिदिंग स्टोन मिळतात त्यांनी शस्त्र सुधारतं. परत आलात की तोच मार्गिट, तीच काठी, पण आता एकदोन चुका पोटात घालता येतात, आणि तेवढी सवड मिळाली की शिकणंही भराभर होतं.

कधीकधी नुसतं बघूनही ताकद मिळते. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये नवीन स्टान्स (लढायचे पवित्रे) शिकायचे तर मंगोल सरदारांना मारावं लागतं किंवा लांब लपून त्यांचा सराव बघावा लागतो. ढालवाल्यासाठी एक स्टान्स, भालेवाल्यासाठी दुसरा. त्यामुळे भालेवाले जड जात असतील तर त्यांच्याशी झगडत बसण्यापेक्षा आधी एकदोन सरदार गाठून तो स्टान्स मिळवा.

आठवी पायरी: वाटच सापडत नसेल तर

दुसऱ्या तऱ्हेचं अडकणं. लढायला कोणी नाही, दार दिसत नाही, तासभर त्याच खोल्या. आधी मॅपच्या कडा बघा, कुठे रेघ अर्धवट तुटलेली आहे, कुठे खोलीला दार आहे पण पलीकडे काही काढलेलं नाही. मग शेवटची मिळालेली शक्ती आठवा, गेमला आत्ता तीच वापरून हवी असते. वर बघा, नवीन खेळणारे वर बघतच नाहीत. लोकांशी परत बोला.

कधीकधी वाट नसतेच, गोष्ट पुढे गेल्यावर तयार होते. २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'मधल्या मोठ्या तलावाचं पाणी कथेच्या ओघात खाली जातं आणि नवे किनारे उघडे पडतात. म्हणजे आधीच सगळा तलाव पिंजून काढायचा हट्ट केला तर हाती काही लागणार नाही. साधारण अर्धा तास काहीच नवीन सापडलं नाही की मुख्य मिशन धरा.

एवढं करूनही नाही जमलं तर गाइड उघडा, त्यात काही गैर नाही. फक्त एकच ओळ वाचा, पुढची वाट कुठे आहे तेवढी, आणि बंद करा. पुढच्या खोलीत कोण आहे हे वाचलं की ती खोली कायमची गेली.

नववी पायरी: कंटाळा ओळखा

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळणाऱ्यांचे प्रकार सांगितले होते, मिळवणारे, शोधणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्यावर तुटून पडणारे, ते बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. ते मुळात ऑनलाइन खेळणाऱ्यांच्या घोळक्यांबद्दल होतं. एकट्याने खेळताना मला तरी वाटतं की एकाच माणसात हे दोनतीन प्रकार वेगवेगळ्या दिवशी जागे होतात. दमून आलात तर त्या दिवशी हिंडा, अंगात जोर असेल तर बॉस. ओळीने तीन मारामाऱ्या झाल्या आणि हात घट्ट आवळले जायला लागले की थोडं निरुद्देश चाला. चालताना डोळे फक्त कोपऱ्यातल्या मिनीमॅपवर असतील तर समजा हिंडणंही संपलं, मिनीमॅप बंद करा नाहीतर लढायला जा.

सगळंच गोळा करायच्या नादाला पहिल्या खेपेला लागू नका. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये ९०० कोरोक बिया (जागोजागी लपवलेल्या) आहेत. सामान ठेवायच्या सगळ्या जागा वाढवायला त्यातल्या ४४१ पुरतात, आणि सगळ्या ९०० दिल्या तर जे बक्षीस मिळतं त्याचा खेळात काडीचाही उपयोग नाही. इतक्या ठेवल्यात त्या कुठल्याही वाटेने गेलात तरी काही ना काही सापडावं म्हणून.

खेळ थांबवताना एक करा, पुढच्या वेळी जिथे जायचं तिथे मॅपवर खूण लावून मग बंद करा. चार दिवसांनी परत आल्यावर सुरुवात कुठून करायची हा प्रश्न राहत नाही.

पहिला गेम कुठला घ्यावा?

लढाईची भीती वाटत असेल तर 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स'मधला डिस्कव्हरी टूर बघा, २०१८ मध्ये आला, त्यात लढाई पूर्ण काढलेली आहे आणि प्राचीन इजिप्तमध्ये नुसतं फिरता येतं, कॅमेरा आणि चालणं हाताला बसवायला याच्यासारखं दुसरं नाही. 'ट्यूनिक' (२०२२) दिसायला गोंडस, लढाईत चांगलाच कडक, पण त्याच्या सेटिंगमध्ये मरणच बंद करायची सोय आहे, आणि त्याचा खरा जीव आहे त्या पानापानाने सापडणाऱ्या पुस्तिकेत, तेव्हा ती सोय बिनधास्त वापरा. दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' सोप्या डिफिकल्टीवर. 'हॉलो नाइट' दुसरा किंवा तिसरा ठेवा, आणि 'एल्डन रिंग'ने सुरुवात करायचीच असेल तर त्या घोडेस्वाराला वळसा घालून आधी घोडा मिळवा, मग मॅपची शिळा, मग दक्षिण. मार्गिट तोवर थांबतो.